चारच्या जागी तीन

९ फेब्रुवारी

बाबा,

वर मायना लिहिलेला नाही. दोनदा लिहिला, दोनदा कागद फाडला. शेवटी नुसतं ‘बाबा’ ठेवलं. तेवढा हक्क अजून उरला असेल असं धरून चालते.

तीन आठवडे झाले, तुम्ही माझा फोन घेत नाही. आई घेते, आणि तिच्यामागे शिलाई मशीन एवढ्या जोरात सुरू होतं की मला कळतं, तुम्ही मुद्दाम पायडल मारताय. “कामात आहेत गं,” असं ती म्हणते आणि तिलाच ते पटत नाही. पत्राचं तिनंच सुचवलं. “बोललेलं ते ऐकणार नाहीत, पण कागद हातात आला की वाचल्याशिवाय राहवत नाही त्यांना. औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा वाचतात,” म्हणाली.

आमच्या संशोधन केंद्रातल्या कुत्र्यांच्या खोलीचं काम बघणाऱ्या मावशी जानेवारीत तुमच्या दुकानात अॅप्रन शिवायला टाकायला आल्या होत्या, हे मला माहीत आहे. भिंतीवर तुमच्या लाडक्या कुत्रीचा, ठिगळीचा फोटो बघून त्या काय बोलल्या, तेही कळलंय. त्यांना वाटलं, मी तुम्हाला सगळं सांगितलंच असेल. माणसं एकमेकांना सांगतात, असं त्या धरून चालतात.

तर ते खरं आहे. ठिगळी गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. “झोपेतच गेली बाबा, माझा हात तिच्या अंगावर होता,” असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. हात मावशींचा होता. मी दुसऱ्या शहरात एका परिषदेला गेले होते. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून खोटं बोलले. शेवटचे दोन-तीन दिवस तिला जरा जड गेले, एवढंच. वय झालं होतं तिचं, रोगही तसाच होता.

माफ करा. फोन घ्या, एवढंच मागणं आहे.

तुमची मुलगी


२३ फेब्रुवारी

बाबा,

उत्तर आलं नाही. आई म्हणाली, पत्र पोचलं आणि तुम्ही ते आतल्या खोलीत दार लावून वाचलंत. “चष्मा लावून वाचतात हे मला कळू नये म्हणून दार लावलं, जसं काही मला ठाऊकच नाही,” असं ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. चष्म्यावरून दुसरंच आठवलं.

२ सप्टेंबरला तुम्ही ठिगळीला घेऊन आमच्याकडे आलात. टॉवेलात गुंडाळलेली, एका डोळ्यावर तो तपकिरी डाग, वजनकाट्यावर उभं केलं तर काट्यालाच चाटायला लागली. त्याआधी महिनाभर ती दर दहा पावलांवर बसायची, जोर लावायची आणि दोन थेंब व्हायचे, तेही लाल. सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ दिसली होती. मी तुमच्यासमोर चौदा पानांचा फॉर्म ठेवला. तुम्ही खिसा चाचपलात आणि म्हणालात, “चष्मा राहिला बघ दुकानात. काय लिहिलंय, तू सांग.”

मी म्हणाले, “नवीन औषध आहे बाबा. तिला बरं वाटेल. इथे सही करा.”

बाटलीवरचं बारीक वाचणारा माणूस चौदा पानं न वाचता सही करतो, ते समोर कोण बसलंय ते बघून. मी तेव्हाच हे जाणलं होतं. आणि मला बरं वाटलं होतं, कारण वेळ वाचला.

त्या पानांत काय होतं ते आता सांगते. माणसांना लघवीच्या पिशवीचा जो वाईट कर्करोग होतो, पिशवीच्या स्नायूत घुसणारा, तो उंदरांना आपणहून होत नाही. आम्ही महिनोन्महिने त्यांच्या पिण्याच्या पाण्यात रसायन घालतो, तेव्हा होतो. नाहीतर माणसाच्या गाठीतल्या पेशी त्यांच्या पिशवीत सोडतो. त्यातून पुष्कळ कळतं, पण उंदरावर छान चाललेलं औषध माणसावर फुकट गेलं असंही पुष्कळदा होतं. कुत्र्यांना मात्र हा रोग आपसूक होतो. उतारवयात, अगदी माणसासारखा, तसाच आत घुसणारा. म्हणून ज्यांच्या कुत्र्यांना तो झालाय त्यांना आम्ही विचारतो, औषध आधी यांच्यावर बघू का? तुमच्या भाषेत सांगायचं तर उंदीर म्हणजे कागदावरचं कटिंग आणि कुत्रा म्हणजे कच्ची शिलाई. माणसाच्या अंगावर चढवण्याआधीची.

म्हणजे ठिगळी माझी पेशंट होती आणि आमच्या अभ्यासातली अकरा नंबरची कुत्रीही होती. दोन्ही खरं होतं. तुम्हाला मी एकच सांगितलं.

औषधानं फरक पडला होता, हे मात्र खोटं नाही. आठवड्यातून एकदा नळीनं थेट पिशवीत औषध सोडायचो. सहाव्या आठवड्यात गाठ जवळजवळ निम्म्यावर आली. तुम्ही स्वतः सांगत होतात, “परत टेप पळवायला लागली, गिऱ्हाईक ताटकळतं आणि ही टेबलाखाली!” ते दिवस आठवा, एवढंच म्हणते.


११ मार्च

बाबा,

काल मावशींशी बोलले. खरं तर त्याच बोलल्या. दोन महिने आम्ही दोघी एकमेकींची नजर चुकवत होतो. त्या पिंजरे धुवायला आत आल्या की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर. काल त्यांनी दारातच अडवलं.

“बाई, माझं चुकलं का? मी तुमच्या बाबांना सांगायला नको होतं का?”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले.

“मग माझ्याकडे बघत का नाही तुम्ही?”

मग मी त्यांना विचारलं, काय काय झालं ते सगळं सांगा. इतके महिने विचारलं नव्हतं. विचारलं नाही तर झालंच नाही असं ठेवता येतं.

पहिल्या पत्रात दोन-तीन दिवस लिहिलं, ते खरं नाही. आठवडा होता. दहाव्या आठवड्यानंतर गाठ पुन्हा वाढली, म्हणून ११ नोव्हेंबरला मी तिला आमच्याकडे ठेवून घेतलं. त्याच आठवड्याअखेर तिनं खाणं टाकलं. लघवी अडायला लागली, नळी घालावी लागायची. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचात आणि मी सांगायचे, “आज जरा झोपून आहे.” भेटायला येतो म्हणालात, तेव्हा मी म्हणाले, “नको बाबा, बाहेरचा संसर्ग होईल.” कसला संसर्ग? मावशी दिवसातून चार वेळा आतबाहेर करत होत्या.

२५ तारखेला, सोमवारी, बारा आठवडे पुरे होणार होते. त्या दिवशी शेवटची तपासणी, शेवटची चित्रं. तिथवर पोचलेल्या कुत्र्याची नोंद पूर्ण धरली जाते. त्याआधी गेलं तर अपुरी. आमच्याकडे पूर्ण नोंदी फार थोड्या होत्या.

शुक्रवारी मी परिषदेला गेले. तिथे मोठ्या पडद्यावर ठिगळीच्या पिशवीची सहाव्या आठवड्याची चित्रं दाखवली. आधीची गाठ, नंतरची गाठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चहाला एक मोठे सर्जन मुद्दाम येऊन म्हणाले, “ही अकरा नंबर आता कशी आहे?” मी म्हणाले, “छान आहे.”

त्याच वेळी मावशी तिच्या पिंजऱ्यात अर्ध्या आत वाकून बसल्या होत्या. ती उभी राहायची, बसायची, पुन्हा उभी राहायची. आडवं होणंच जमत नव्हतं तिला. रविवारी दुपारी मावशींच्या मांडीवर डोकं टेकलं आणि मग उचललं नाही. त्यांची सुट्टी होती त्या दिवशी. “मनाला चैन पडेना म्हणून आले,” म्हणाल्या.

सोमवार काही तिला गाठता आला नाही. म्हणजे ज्यासाठी ठेवली, तेही झालं नाही.

आई म्हणते, तुम्ही हल्ली जेवताना बोलत नाही. माझ्यामुळे तिच्याशी अबोला धरू नका, तिची यात काही चूक नाही.


२ एप्रिल

बाबा,

आईनं सांगितलं, मागचं पत्र वाचून तुम्ही एकच वाक्य बोललात. “अजून काहीतरी आहे.”

तुम्हाला कसं कळतं? लहानपणीही मी शाळेतून आल्यावर तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “बोल, काय मोडलंस?”

आहे. अजून आहे. हे सांगितलं की माझ्याकडे लपवायला काही उरणार नाही.

आमच्याकडे प्रत्येक कुत्र्याच्या पिंजऱ्यावर एक तक्ता असतो. किती दुखतंय त्याचा आकडा रोज लिहायचा, शून्य ते पाच. खातंय का, कण्हतंय का, पोटाला हात लावू देतंय का, ते बघून. तीनपर्यंत अभ्यास चालू ठेवायचा. चार झाला की थांबायचं आणि मालकाला त्याच दिवशी कळवायचं. पुढं काय करायचं, तिला कायमची झोपवायची का, ते मालक ठरवणार. तुम्ही सही केलेल्या फॉर्मच्या नवव्या पानावर हे स्वच्छ लिहिलंय.

ठिगळीचा आकडा चार होता. मी तीन लिहिला.

एकदा नाही. आठ दिवस. रोज सकाळी पेन हातात घ्यायचे, तिच्याकडे बघायचे, ती माझ्या आवाजावर शेपूट हलवायची, आणि मी मनाशी म्हणायचे, शेपूट हलवतेय म्हणजे तीनच. तिसऱ्या दिवशी तर मी बघायचंही सोडलं. आधी तीन लिहायचे आणि मग आत जायचे.

दुखणं कमी करायचं औषध चालू होतं, पण ते तीनच्या हिशेबानं. आणि मी शुक्रवारी निघताना पुढच्या दोन दिवसांच्या रकान्यांत बारीक पेन्सिलीनं तीन लिहून ठेवलं होतं. शनिवारी मावशींनी ड्यूटीवरच्या डॉक्टरला बोलावलं. “साहेब, हिचं काही खरं नाही, बघा जरा.” तो नवखा होता. त्यानं तक्ता पाहिला आणि म्हणाला, “आठवडाभर तीनच आहे की. सोमवारी बाई येतीलच.” आणि गेला. त्याला मी दोष कसा देऊ? त्यानं माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. तुम्हीही तेच केलं होतं.

या पत्रासोबत एक फॉर्म पाठवतेय. एकच पान आहे. यावर सही केलीत तर ठिगळीची सगळी नोंद, चित्रं, आकडे अभ्यासातून काढून टाकावी लागतात. हा तुमचा हक्क आहे, आधीपासून होता, मी सांगितला नव्हता. काढलीत तर माझा शोधनिबंध लंगडा पडेल आणि आमच्या अभ्यासाचे प्रमुख सर चिडतील. त्याचा विचार करू नका.

या वेळी चष्मा लावून वाचा. माझ्यासाठी सही करू नका.


१९ एप्रिल

बाबा,

परवा तुम्ही फाटकातून आत येताना मी वरच्या खिडकीतून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात चष्मा, हातात कागदाचं पुडकं. तुम्ही रखवालदाराला काहीतरी विचारत होतात आणि माझे पाय जिन्यावरून खाली येईनात. शेवटी मावशींनी वर येऊन सांगितलं, “बाबा आलेत. बसलेत वजनकाट्याच्या खोलीत.”

तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी लिहितेय. समोर असताना विचारलेल्याचं उत्तर देण्यापलीकडे माझ्या तोंडून काही निघालं नाही.

तुम्ही म्हणालात, “तो चौदा पानांचा काढ. वाच.”

“बाबा, तुम्ही आता स्वतः वाचू शकता की.”

“चष्मा आणलाय. पण तू वाच. तेव्हा वाचायचा होतास ना, तो आत्ता वाच.”

मी वाचला. पाऊण तास लागला. त्या दिवशी पाऊण तास वाचवला होता मी. नवव्या पानावर तुम्ही हात वर केलात. “परत वाच ते.” मी परत वाचलं. ‘मालकास त्याच दिवशी कळवले जाईल.’

“त्याच दिवशी म्हणजे?”

“त्याच दिवशी, बाबा.”

“कळवलं असतंस तर मी काय केलं असतं?”

“आला असतात. तिला मांडीवर घेतलं असतं. आणि सोडवा म्हणाला असतात.”

“हं,” म्हणालात. मग वजनकाट्यावरून हात फिरवलात. आणि मग ते बोललात, “कच्ची शिलाई लिहिलंस तू पत्रात. चाळीस वर्षं शिवतोय मी. कच्ची शिलाई चुकली तर उसवता येते. म्हणून ती कच्ची.”

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तर गिऱ्हाइकाला माप समजावून सांगावं तसे बोललात.

मग तुम्ही ते एक पान काढलंत, घडी उलगडलीत. सही नव्हती. “यावर सही केली तर ते आधीचे सहा आठवडेही जातात?”

“जातात.”

“ते सहा आठवडे खरे होते?”

“खरे होते. त्यातला एकही आकडा खोटा नाही.”

“टेप पळवत होती ती.” तुम्ही पान परत घडी करून खिशात ठेवलंत. “मग ते राहू दे. कुणाच्या घरातल्या माणसाला उपयोग होईल तर होऊ दे. पण पुढचंही लिही. तू काय लिहिलंस, खरं काय होतं, ती कशी गेली. तिच्या नोंदीतच लिही, वेगळं नको.”

“बाबा, ते लिहिलं तर मला इथे...”

“माहीत आहे मला,” म्हणालात.

बाहेर व्हरांड्यात मावशी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. तुम्ही पाणी प्यायलात. “तुमचा अॅप्रन कधीचा शिवून ठेवलाय. न्यायला आला नाहीत.”

“तोंड दाखवायची लाज वाटली हो,” मावशी म्हणाल्या.

“तुम्हाला कसली लाज?” असं तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलं नाहीत. मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी होते.


७ जून

बाबा,

सगळं झालं. क्रमानं सांगते.

मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी सरांच्या खोलीत गेले आणि तक्त्याचं सांगितलं. सर आधी म्हणाले, “एका कुत्रीसाठी चार वर्षांचा अभ्यास पणाला लावतेस? मेलेल्या कुत्रीला काय फरक पडणार आहे?” मी म्हणाले, “तिला नाही पडणार.” मग त्यांनी तक्ता मागवला, समोर ठेवला, पेन्सिलीचे दोन रकाने बघितले. “यावर माझीपण सही आहे,” एवढंच हळू म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला अडवलं नाही. माझ्याशी बोलतही नाहीत फारसं.

चौकशी समितीनं तीनदा बोलावलं. पाच माणसं, एक लांब टेबल. एकीनं विचारलं, “तुम्हाला कळत होतं का, की तिला दुखतंय?” मी हो म्हणाले. तिनं ते लिहून घेतलं आणि वर न बघता पान उलटलं. मी बाकी कुत्र्यांचे तक्तेही स्वतःहून दिले. त्यांनी ते मावशींच्या डायरीशी ताडून पाहिले. मावशी डायरी लिहितात, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बाकीचे जुळले. ठिगळीचे जुळले नाहीत. इतर कुणाच्या कुत्र्याचं मी असं केलं नाही, हे त्यामुळे सिद्ध झालं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. परक्यांना न कळवायची मला भीती होती. तुम्हाला गृहीत धरलं होतं.

दोन वर्षं मला कुठल्याही जिवंत जनावरावर काम करता येणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघायचं काम दिलंय, तळघरातल्या खोलीत. होऊ घातलेली बढती गेली. दुखण्याचा आकडा आता दोघांनी मिळून लिहायचा असं ठरलंय आणि त्यातलं एक माणूस मावशी. त्यांना मी अभिनंदन म्हणाले तर म्हणाल्या, “मला कसलं? मी आधीही बघतच होते.”

निबंधात अकरा नंबरच्या नोंदीखाली नवीन परिच्छेद घातला. तो तुम्हाला पाठवला होता, तुम्ही वाचलात, आणि गेल्या मंगळवारी आईच्या फोनवरून तुमचा आवाज आला. फोनवर, साडेचार महिन्यांनी. मी तळघरात होते, उभी राहिले.

“वाचलं,” म्हणालात.

“बरोबर आहे का?”

“आठ नाही. नऊ.”

“काय नऊ?”

“दिवस. मापाच्या वहीत लिहिलंय मी. सोळा तारीख, शनिवार, संध्याकाळी सात. ‘आज जरा झोपून आहे,’ म्हणालीस. त्याआधी रोज काय खाल्लं ते सांगायचीस. त्या दिवशी खाण्याचं बोललीच नाहीस. त्या दिवसापासून मोज.”

मी तक्ता पुन्हा काढून पाहिला. त्या शनिवारचा तीन खराच तीन होता, असं मी स्वतःलाही समजावलं होतं, समितीलाही तसंच सांगितलं होतं. मावशींची डायरी उघडली. शनिवार: ‘वाटीला तोंड लावलं नाही. पोटाला हात लावू देत नाही.’ म्हणजे चार. समितीनंही तो एक दिवस माझ्या शब्दावर सोडून दिला होता. सगळं कबूल करून झाल्यावरही मी एक दिवस स्वतःसाठी बाजूला काढून ठेवला होता, बाबा. तो कुणाला सापडला नव्हता.

काल समितीला पत्र दिलं आणि निबंधात नऊ केलं. वाक्य आता असं आहे: ‘या कुत्रीच्या वेदनेची नोंद शेवटचे नऊ दिवस जाणूनबुजून कमी लिहिली गेली. नियमानुसार मालकास कळवणे आवश्यक होते. कळवले गेले नाही.’ खाली माझं नाव.

आज सकाळी पुन्हा फोन केला आणि तुम्हाला ते वाचून दाखवलं. तुम्ही “हं” म्हणालात. मागे मशीनचा आवाज नव्हता. मी विचारलं, रविवारी घरी येऊ का? कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणालात, “ये. पण आल्या आल्या मला काही विचारू नकोस.”

नाही विचारणार, बाबा. अकराच्या गाडीनं येते.